गाडीचं कर्ज फिटेपर्यंत

सिद्धार्थची गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती सिडनीच्या विमानतळावर, आणि पाहताक्षणी माझ्या तोंडून गेलं, "अरे, वऱ्हाड न्यायला आलायस का?" काळी, उंच, सात सीटांची गाडी. घरात माणसं तीन: तो, सूनबाई मिताली आणि दीड वर्षाची रुचा. चढताना मला त्याच्या खांद्याला धरावं लागलं. "आई, सेफ आहे गं. फाइव्ह स्टार रेटिंग आहे तिला," तो म्हणाला. मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. मिताली गालातल्या गालात हसली, आणि या गाडीवरून घरात आधीही बोलणी झालेली आहेत हे मला तिथेच कळलं.

ही वीस सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तीन महिन्यांसाठी आले होते. आमचे हे, म्हणजे पद्माकर, आले नाहीत. चिंचवडच्या आमच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी, आणि गच्चीवरच्या टाकीचं काम निघालं होतं. "तुमच्याशिवाय टाकी भरणार नाही का?" मी विचारलं. "तू जाऊन ये, पुढच्या वर्षी दोघं जाऊ," एवढंच म्हणाले. माणूस हट्टी. टाकीच्या कामात तर देवाचंही ऐकला नसता.

मार्चमध्ये जगाला कुलूप लागलं. माझं मे महिन्याचं तिकीट रद्द झालं, सिद्धार्थने माझा व्हिसा वाढवून घेतला, आणि मी वॉलॉंगॉंगजवळच्या उनँडेराच्या त्या भाड्याच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, अडकले. खिडकीतून एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या. सिद्धार्थ तिथेच इंजिनियर. मिताली हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघांनाही घरून काम करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून दोघं कामावर जायची आणि मी आणि रुचा दिवसभर खिडकीतून मालगाड्यांचे डबे मोजायचो. डबे मी मराठीत मोजायची आणि ती इंग्रजीत, आणि बेरीज कधीच जुळायची नाही.

घर घ्यायचं सिद्धार्थच्या मनात दोन वर्षांपासून होतं. युनिटला दोन खोल्या, जिना अरुंद, आणि ह्यांचे गुडघे गेलेले. "तुम्ही दोघं आलात की बाबांनी जिना कसा चढायचा?" तो म्हणायचा. त्याला तळमजल्यावर आमच्यासाठी खोली असलेलं घर हवं होतं. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मेमध्ये त्याने निनादला विचारलं. निनाद म्हणजे सिडनीतला त्याचा युनिव्हर्सिटीतला मित्र, आता लोकांना घरासाठी कर्ज मिळवून देण्याचं काम करतो. त्याने स्क्रीनवर सगळं पाहिलं आणि सरळ सांगितलं, "मेट, पगार मस्त आहे, पण ही गाडी तुला घर घेऊ देणार नाही. बँक पगार बघत नाही. हप्ते गेल्यावर मागे काय राहतं ते बघते. आधी गाडीचं काहीतरी कर, मग माझ्याकडे ये."

गाडी शोरूममधल्याच फायनान्सवर घेतलेली. व्याज चढं, आणि दर महिन्याचा हप्ता कमी दिसावा म्हणून शेवटी एकरकमी भरायचा मोठा गोळा ठेवलेला. त्या गोळ्याला इथे बलून म्हणतात. हे मी फोनवर ह्यांना सांगितलं. ह्यांची सगळी नोकरी सहकारी बँकेत कर्ज खात्यात गेलेली. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "फुगा? कर्जाला फुगा लावतात? दे त्याला फोन."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिद्धार्थ आणि ह्यांचं फोनवरचं बोलणं म्हणजे "काय म्हणतोस?" "बरं आहे बाबा." "हवा कशी आहे?" "बरी आहे. आईला देतो." वर्षानुवर्षं हेच चाललेलं. भांडण कधी नव्हतं, पण बापलेकांकडे एकमेकांशी बोलायला विषयच नव्हता. आणि त्या दिवशी दोघं तासभर बोलले. मी पोळ्या करून घेतल्या, रुचाला भरवलं, तरी चालूच. "बाबा, तुम्ही एकदम रिझर्व्ह बँकच आहात," सिद्धार्थ म्हणाला आणि तिकडे हे हसले. हे हसलेले मला त्या युनिटच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आले.

मग दर रविवारी दुपारी बैठक भरायला लागली. आमची दुपार म्हणजे तिकडची सकाळ, हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसायचे. मी चिडवायची, "ऑफिसला निघालात का?" शर्टाखाली पायजमाच असणार हे मला माहीत होतं. पुण्यात बसून ऑस्ट्रेलियातलं कर्ज फेडणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण शेळ्या खरंच हलायला लागल्या. आज कर्ज पूर्ण फेडलं तर किती भरावे लागतील आणि मुदतीआधी फेडल्याचा दंड किती, हे कंपनीकडून लेखी मागव, असं त्यांनी सांगितलं. कर्ज दुसरीकडे स्वस्तात हलवावं का यावर चर्चा झाली, तेव्हा निनाद म्हणाला की घराच्या अर्जाच्या तोंडावर नवा अर्ज नको, त्याची नोंद राहते. मग हे म्हणाले, हलवू नकोस, पण आहे त्यांच्याशी भांड. सिद्धार्थ एका दुपारी तासभर फोन कानाला लावून बसला आणि व्याज थोडं उतरवून घेऊन उठला. हप्ता महिन्याऐवजी पंधरवड्याला भरायला सुरुवात केली. मितालीने जास्तीचं क्रेडिट कार्ड कात्रीने कापलं, आणि ते तुकडे ह्यांना कॅमेऱ्यावर दाखवले. हे म्हणाले, "शाब्बास! सून माझ्या खात्यात हवी होती."

निनादचं म्हणणं एवढंच होतं की बँक शेवटच्या तीन महिन्यांचे कागद बघेल. त्या तीन महिन्यांत पैसे कुठे जातात ते स्वच्छ दिसलं पाहिजे, आणि अर्जाच्या दिवशी गाडीचं खातं बंद पाहिजे.

जुलैपर्यंत सरकारने डे-केअर फुकट केलं होतं. रुचा आठवड्यातले तीन दिवस जायची. मग ते फुकटचं बंद झालं, आणि मितालीला नेमकी तेव्हाच लॅबमध्ये पूर्णवेळ कायमची नोकरी मिळाली. डे-केअरची फी पाहून मी म्हटलं, एवढ्यात आमच्याकडे इंजिनिअरिंग व्हायचं. रुचा घरीच राहिली, माझ्यापाशी. त्यात मला काही वाटलं नाही, उलट आनंदच होता.

आणि एका मंगळवारी मेल आला. अडकलेल्यांना भारतात नेणाऱ्या विमानांसाठी मी नाव नोंदवलं होतं. ऑगस्टअखेरच्या विमानात मला जागा मिळाली होती, दिल्लीपर्यंत, पुढे मुंबई. मी लगेच ह्यांना फोन केला. "जागा मिळाली," मी म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले. बस्स. फोन ठेवल्यावर मी माझी बॅग पलंगाखालून ओढून काढली. इतकी घाई काय होती मला, विमान अजून तीन आठवड्यांवर होतं. पण मला जायचं होतं. मला माझं घर हवं होतं, आणि ह्या वयात सांगायला लाज वाटते, पण मला हे हवे होते.

त्या रविवारची बैठक मी विसरणार नाही. सिद्धार्थने चाचरतच विषय काढला, "बाबा, आई गेली तर रुचाचं डे-केअर फुल टाइम लागेल. मग गाडीत जादा भरायला काही उरत नाही. सप्टेंबरमधला अर्ज पुढच्या वर्षावर जाईल."

ह्यांनी चष्मा लावला. "आणि ती नोव्हेंबरपर्यंत थांबली तर?"

"तर ते सगळे पैसे गाडीत. सप्टेंबरात गाडी विकायची, उरलेलं फेडायचं, खातं बंद. अर्ज स्वच्छ."

"मग थांबू दे तिला."

मी ओट्याशी कणीक मळत होते. तशाच हातांनी कॅमेऱ्यासमोर आले. "मला कोणी विचारणार आहे का?"

"अगं, विचारतोच आहे. तुला काय वाटतं?"

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा आधी."

"माझं इथे उत्तम चाललंय. डबा येतो. शिरीष भाजी आणून देतो. तुला बरं वाटेल तसं कर."

शिरीष म्हणजे आमच्या शेजारचा. आणि "तुला बरं वाटेल तसं कर" हे ह्यांचं जन्माचं वाक्य. साडी घेताना तेच, बाळंतपणाला माहेरी जायचं की नाही तेव्हा तेच. मुलाने ऑस्ट्रेलियाला जावं का, तेव्हाही मला तेच सांगितलं. मी तुझ्यावाचून अडलो आहे असं ह्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नाही. तशी रीतच नव्हती आमच्यात. माझे वडीलही आईला कधी असं म्हणाले नसतील. पण त्या दिवशी मला ते ऐकायचं होतं. लेकासमोर, सुनेसमोर, एकदा. मी थांबले. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"थांबते," मी म्हटलं. रागाने म्हटलं. आणि राग कळला असेल तर फक्त ह्यांनाच कळला, कारण सिद्धार्थने टाळी वाजवली आणि मितालीने मला मागून मिठी मारली. माझ्या हातांना कणीक तशीच होती.

त्या पुढच्या दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट झाली. नव्या गाड्या बोटींवरून येईनात, म्हणून जुन्या गाड्यांचे भाव चढले. ज्या हत्तीला विकून तोटा होईल असं वाटत होतं, त्याला अपेक्षेपेक्षा जास्त पैसे मिळायला लागले. ह्यांना तर गुदगुल्या झाल्या. "दलालाला देऊ नकोस. स्वतः विक. आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय किल्ली हातातून सोडायची नाही."

गिऱ्हाईक शनिवारी आलं. शेलहार्बरचा एक गवंडी, चार मुलांचा बाप, विटकरी दाढी. मी म्हटलं, चला, सात सीटांना माणसं मिळाली. सिद्धार्थने फोन गाडीच्या बोनेटवर उभा करून ठेवला होता आणि त्यातून हे ओरडत होते, "आधी फायनान्स कंपनीचे पैसे परस्पर जाऊ देत! मग राहिलेले तुला!" गवंड्याने विचारलं, "हूज दॅट?" सिद्धार्थ म्हणाला, "माय डॅड." तो वाकून फोनमध्ये म्हणाला, "गडे, डॅड!" हे म्हणाले, "गुड डे, गुड डे," आणि हसता हसता त्यांना खोकला आला. बराच वेळ आला. मी पुढे झाले. "काय झालं हो?" "डब्यातल्या रश्श्याला तिखट फार," ते म्हणाले. आणि मी हसले.

गाडी गेली. तिच्या जागी एक छोटी, पांढरी, जुनी गाडी आली, तीही रोख पैसे देऊन. फायनान्स कंपनीचं खातं बंद झाल्याचं पत्र आलं ते सिद्धार्थने ह्यांना वाचून दाखवलं. हे डोळे मिटून ऐकत होते, लोक अभंग ऐकतात तसे. मग म्हणाले, "आज झोप लागेल." अर्ज त्याच दिवशी गेला.

त्यानंतर ह्यांचे फोन तुटक झाले. कधी नेट नाही, कधी सोसायटीची मीटिंग. पुण्यातल्या बातम्या मी बघत होते, सप्टेंबर महिना तिथे फार वाईट होता, बेड मिळत नव्हते. मी रोज विचारायची, आणि हे रोज सांगायचे, "आमच्या बिल्डिंगमध्ये एकही नाही."

बुधवारी निनादचा फोन आला. बँकेने तत्त्वतः मंजुरी दिली होती, आणि हवी तेवढी रक्कम दिली होती. सिद्धार्थने आनंदाने रुचाला उचलून छताला लावलं. मग ह्यांना फोन लावला. चित्र आलं नाही, नुसता आवाज.

"बाबा, कॅमेरा?"

"बिघडलाय. बोल."

"झालं, बाबा! अप्रूव्ह झालं!"

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. "शाब्बास," हे म्हणाले. थोडं थांबून, "घर बघताना... भिंतीला हात लावून बघ. ओल आहे का." पुन्हा श्वास. "आईला दे."

मी फोन घेतला. "रुचाला सांभाळ," ते म्हणाले. मी म्हटलं, "सांभाळतेच आहे की! दुसरं काय करतेय इथे सात महिने?" अजून राग होता ना माझा. त्यावर ते हं म्हणाले, आणि फोन कट झाला. मला वाटलं, नेटचं नेहमीचंच.

शुक्रवारी पहाटे शिरीषचा फोन सिद्धार्थला आला. सिद्धार्थ माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. तो लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा. मी म्हटलं, "बोल." तो म्हणाला, "आई, बाबा."

शिरीष रडत होता. ताप अर्ज गेला त्याच सुमाराला आला होता. आठवडाभर हॉस्पिटलात होते. ज्या बुधवारी शाब्बास म्हणाले, तेव्हा नाकाला ऑक्सिजन होता आणि बोलायला नर्सने परवानगी दिली नव्हती. "काकू, मी चार वेळा फोन करायला निघालो," शिरीष म्हणाला. "काकांनी शपथ घातली. म्हणाले, बँकेचा माणूस सिद्धार्थच्या साहेबाला फोन करून नोकरीची खात्री करेल, तेव्हा पोरगा कामावर जागेवर दिसला पाहिजे. एवढं होऊ दे, मग सांग."

एवढं होऊ दे, म्हणे! मी त्या मेलेल्या माणसावर इतकी चिडले की मला पहिल्यांदा रडूच आलं नाही. मंजुरी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तरी सांगायचं? दुसऱ्या दिवशी त्यांना बोलता येत नव्हतं, हे शिरीषने नंतर सांगितलं.

महापालिकेच्या लोकांनी परस्पर नेलं. शिरीषने स्मशानाच्या फाटकाबाहेरून मोबाइल धरला होता. आम्हाला एक पांढरी गाडी आत जाताना दिसली, आणि मग बराच वेळ नुसतं फाटक दिसत राहिलं. रुचा म्हणाली, "व्हेअर्ज आबा?" मितालीने तिला उचलून आत नेलं. दहावा सिद्धार्थने इलावारा लेकच्या काठावर केला, सिडनीचे गुरुजी व्हिडिओवर मंत्र सांगत होते. मी सिद्धार्थला दोष दिला नाही. एकदाही नाही. पण त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणंही मला जमेना, आणि त्याला ते कळत होतं.

ऑक्टोबरात डॅप्टोला एक घर सापडलं. तळमजल्यावर खोली होती, आत लागून बाथरूम. सिद्धार्थने भिंतींना हात लावून पाहिला. मी बाहेर अंगणातच थांबले.

शेवटच्या कागदांसाठी निनादचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाशी होतो. त्याने माझं सांत्वन केलं, चांगला मुलगा आहे. मग घसा खाकरून म्हणाला, "सिड, एक विचारायचं राहिलं. काकू आता इथेच राहणार का? कायमच्या? कारण मग त्या डिपेन्डंट धराव्या लागतील. म्हणजे तुझ्यावर अवलंबून असलेलं माणूस. रुचा आणि काकू, दोन."

"हो. लिही," सिद्धार्थ म्हणाला.

"मेट, लोनची फिगर खाली येईल. हे घर त्यात बसणार नाही."

"नसेल बसत तर नको बसू दे. शी इज माय मदर."

मिताली म्हणाली, "लिहा, निनाद. दुसरं बघू." तिच्या आवाजात जरासुद्धा खोट नव्हती.

रुचाला सांभाळत होते तोवर मी ह्या घराची बचत होते, आणि कुंकू पुसल्यावर खर्च झाले. बँकेचा हिशोब तसाच असतो, आणि हे असते तर त्यांनीही तसाच मांडला असता. मला ते निनादच्या तोंडून ऐकून वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते सिद्धार्थकडे बघून. एवढ्या महिन्यांचं सगळं तो एका शब्दात सोडून द्यायला निघाला होता, आणि त्याला वाटत होतं की तेवढ्याने सगळं फिटेल.

"निनाद, मला धरू नकोस," मी म्हटलं. "मी परत जाणार आहे."

कॉल संपल्यावर सिद्धार्थ म्हणाला, "आई, तिथे कोण आहे आता?"

"कोणी नाही."

"मग? तू बँकेसाठी करतेयस हे. पुन्हा."

"बँकेसाठी एकदा केलं. ऑगस्टमध्ये मला जायचं होतं, मी गेले नाही. आता जाते. बँकेचा काही संबंध नाही."

तो टेबलावर डोकं ठेवून रडला. बाप गेल्यावर तो पहिल्यांदाच रडला. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला, आणि मलाही तेव्हाच रडू फुटलं. खूप वेळ आम्ही तसेच होतो. रुचा तिच्या खुर्चीतून म्हणत होती, "डोंट क्राय, आजी. डोंट क्राय, बाबा."

नोव्हेंबरात मला जागा मिळाली. त्या छोट्या पांढऱ्या गाडीत मला कुणाचा आधार न घेता बसता आलं. टर्मिनलमध्ये फक्त प्रवाशांना सोडत होते, म्हणून निरोप फुटपाथवरच झाला. दिल्ली, मुंबई, मग टॅक्सी. चिंचवडला पोचले तेव्हा दुपार झाली होती. शिरीष खाली उभा होता, तोंडाला मास्क, बराच लांब. किल्ली त्याने कट्ट्यावर ठेवली आणि मागे सरकला. "काकू, घर फवारून घेतलंय. सामान काही हलवलं नाही. चौदा दिवस डबा दाराबाहेर ठेवत जाईन." परदेशातून आलेल्यांना विलगीकरणाचा नियम होता, तेवढे दिवस मी घराबाहेर पडायचं नव्हतं आणि कोणी माझ्याकडे यायचं नव्हतं. सांत्वनालासुद्धा नाही.

दार उघडलं. हॉलमधल्या दिवाणावर ह्यांची चादर, उशीशी रेडिओ. चहाचा कप एकच, पालथा. आतल्या खोलीकडे जायचा बोळ आहे, त्यात मध्येच जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ठेवलेली होती, तोंड आतल्या खोलीच्या बंद दाराकडे करून. तिच्यावर पाठीला लावायची उशी.

दार लोटलं. पलंगावर माझ्या आवडीची, जांभळ्या काठाची चादर. टेबलावर एक ताट, दोन वाट्या, पेला, विजेची किटली, थर्मामीटर, अजून खोक्यात. खिडकीची फाटकी जाळी नवी बसवलेली, दोन वर्षं मी मागे लागले होते तिच्यासाठी. सगळ्यावर धूळ. मला वाटलं, ताप आल्यावर हे स्वतःच इथे वेगळे राहिले असतील. मी शिरीषला फोन लावला.

"नाही काकू," तो म्हणाला, "काका शेवटपर्यंत हॉलमध्येच झोपायचे. ती खोली तुमची. ऑगस्टमध्ये तुमची सीट कन्फर्म झाली ना, तेव्हा तयार केली. बुधवार ते शनिवार नुसती धावपळ. मला म्हणाले, ही येतेय. मी विचारलं, खुर्ची कशाला? तर म्हणाले, चौदा दिवस ती आत एकटी काय करणार, मी दाराबाहेर बसून बोलत बसेन."

मी वळून खुर्चीकडे पाहिलं.

"मग तुम्ही थांबायचं ठरवलंत. मी म्हटलं, काका, आवरून ठेवू का? म्हणाले, राहू दे, नोव्हेंबरात लागेल."

फोन ठेवला. खुर्ची मी हलवली नाही. आत गेले, दार लावून घेतलं आणि त्या दाराला पाठ टेकून खाली फरशीवर बसले.

"अहो," मी म्हटलं, "आले मी."

मग गप्प राहिले, कारण आता बोलायची पाळी त्यांची होती.